माती जेवत होती

आमच्या नांदेडच्या कॉलनीत रस्त्याच्या कडेला तीन लिंब आहेत. ज्येष्ठ सरत आला की त्यांच्या लिंबोळ्या पिवळ्या होऊन डांबरावर पडतात, स्कूटरच्या चाकांखाली फुटतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे गल्लीभर एक गोडूस-कडवट वास रेंगाळत राहतो. शेजारच्या बायकांना तो सोसत नाही. मी मात्र सकाळी पिशवी घेऊन खाली उतरते. पासष्टी उलटलेली, बऱ्यापैकी साडी नेसलेली बाई रस्त्यावर उकिडवी बसून लिंबोळ्या वेचते आहे, हे दृश्य आता कॉलनीच्या सवयीचं झालं आहे.

गच्चीवर माझ्या टोमॅटोच्या आठ कुंड्या आहेत. लिंबोळ्या कुटून, भाजीच्या देठा-सालींबरोबर कुजवून मी त्यांच्या मातीत मिसळते. कुटताना बोटांना वास लागतो आणि हात धुतले तरी थोडा उरतोच. मग जेवताना घास तोंडाशी नेला की मी क्षणभर नांदेडात नसते. मी असते उदगीरच्या पलीकडे, बिदरच्या अंगाला, विहिरीखालच्या एका अर्ध्या एकरात.

लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. नांदेडला कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. स्थळ चांगलं आलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर. सासरे, म्हणजे आप्पा, आधीच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. "इरली" हा त्यांचा आवडता शब्द. इरली म्हणजे असू दे. दूध उतू गेलं, इरली. बस चुकली, इरली. सुरुवातीला मला त्या शब्दाचा रागच यायचा. वाटायचं, या बाईला कशाचंच काही वाटत नाही.

एका गोष्टीचं मात्र वाटायचं. बाकीचं रान कोरडवाहू, ज्वारी-तुरीचं. ते ह्यांच्या आणि वाटेकऱ्याच्या हाती. विहिरीखालचा अर्धा एकर तेवढा अव्वांचा. त्यात त्या दरसाल टोमॅटो लावायच्या आणि टोपल्या घेऊन स्वतः उदगीरच्या बाजाराला जाऊन बसायच्या. "आप्पा होते तेव्हा त्यांचंसुद्धा त्या तुकड्यात चालत नव्हतं," असं हे हसून सांगायचे. बाजाराच्या दिवशी अव्वांच्या चालण्यात फरक पडायचा. एरवी पाठीत वाकणारी बाई टोपली डोक्यावर आली की ताठ व्हायची.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पाऊस जवळजवळ पडलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. विहिरीच्या तळाशी कातळाच्या भेगेतून पाणी पाझरायचं, तेवढंच खरं. आधी घरचं पिणं, मग जनावरांचं, मग शेजारच्या चार घरांचं, आणि त्यातून उरलं तर टोमॅटोला. अव्वा एकेका झाडाच्या बुडाशी करवंटीनं पाणी घालायच्या, लेकराला औषध पाजावं तशा. तरीही झाडं दुपारी माना टाकायची. आधी संध्याकाळी सावरायची, मग सावरेनाशी झाली. फळं बोराएवढी राहून पिवळी पडायला लागली.

"पाण्यावाचून वाळायलीत, दुसरं काय," हे म्हणाले. "यंदा सोडून दे अव्वा तो तुकडा."

मला मात्र एक खटकत होतं. बांधाला लागून कांद्याची एक ओळ होती. तिलाही तेवढंच पाणी, आणि ती हिरवीगार. मी एक सुकलेलं झाड उपटलं. मुळं नेहमीसारखी सरळ नव्हतीच. जागोजाग फुगलेली, वेडीवाकडी, बारक्या हळकुंडांची माळ ओवावी तशी.

अव्वांनी ती हातात घेऊन पाहिली. "गाठी चांगल्या असत्यात की," त्या म्हणाल्या. "हरभऱ्याला न्हाईत का? भुईमुगाला न्हाईत का?"

कॉलेजातला एक तास मला आठवला: चांगली गाठ मुळावर वरून बसलेली असते, रोगाची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. शेजारच्या रानातून हरभऱ्याचं एक रोप आणलं. त्याच्या मुळावरची गाठ नखानं टोकरली तर ती अलगद सुटून आली, आतून लालसर. मग टोमॅटोची गाठ टोकरली. ती सुटेना. जोर केला तर मूळच तुटलं. अव्वांनी स्वतः तीन-चार गाठी तोडून पाहिल्या आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत विचारलं, "हे कुणाला दाखवावं लागंल, सुमन?"

त्याच सुमारास आमचा जिल्हा बदलला होता. आधी कुठलंही सरकारी काम म्हणजे उस्मानाबाद, म्हणजे मुक्कामाची तयारी. आता लातूर. अव्वांना याची मोठी गंमत वाटायची. "गाव जागच्या जागी, आन् जिल्हा तेवढा चालत जवळ आला," त्या म्हणायच्या. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं लातूरला गेलो. नव्या जिल्ह्याची कचेऱ्या मांडण्याची धांदल चालली होती. शेतीचं ऑफिस एका भाड्याच्या घरात होतं. देवळीत फायली, मोरीत खताच्या पिशव्या, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जिथं चूल असायला हवी तिथं, एक नवाकोरा सूक्ष्मदर्शक.

माने नावाचे तरुण साहेब होते, परभणीला शिकलेले. त्यांनी फडकं उलगडलं आणि म्हणाले, "सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, दोऱ्यासारखे. मुळात शिरतात, तिथंच घर करतात. झाडाला पाणी घातलं तरी वर चढत नाही."

"म्हंजे हुळ," अव्वा म्हणाल्या. कानडीत किड्याला हुळ म्हणतात.

साहेबांनी एक गाठ ब्लेडनं चिरली, सुईनं आतलं काहीतरी काचेवर घेतलं आणि नळीला डोळा लावून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून सहज म्हणाले, "बघायचंय?"

दोन वर्षांत असल्या नळीला मी डोळा लावला नव्हता. आता कधी लावीन असंही वाटलं नव्हतं. आधी नुसता उजेड दिसला. चाक फिरवताना बोटांना त्यांची जुनी सवय आठवली आणि उजेडात एक पांढराशुभ्र, पेरूच्या आकाराचा इवलासा मणी उभा राहिला. ती किड्याची मादी होती. जिनं आमच्या झाडांचा घास घेतला ती इतकी सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मणी पुसट झाला. मी बाजूला झाले. अव्वांनी ते पाहिलं असणार, कारण परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. खिडकीच्या जागेवर त्यांचा हक्क असायचा.

तिथं ऑफिसात साहेबांनी आधी औषधाचं नाव सांगितलं होतं. जमिनीत टाकायचे दाणे, जहाल विषाचे. अव्वांनी विचारलं, "विहिरीत उतरतंय का ते?"

"विहीर किती लांब आहे?"

"हाताला लागून. पाच घरं पितात त्याचं पाणी."

"उतरू शकतं," ते म्हणाले.

"मग दुसरं सांगा."

दुसरं जे त्यांनी सांगितलं ते त्यांनाही पुरतं आजमावलेलं नव्हतं, तसं त्यांनी कबूल केलं. रोगट झाडं मुळासकट काढून जाळायची. उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन उन्हाला उघडी टाकायची. पाऊस आला की तिच्यात मिळेल तो कुजका पाला, पेंडीचा भुगा, कुटलेल्या लिंबोळ्या मिसळायच्या. लिंबोळीचा कडवटपणा किड्यांना सोसत नाही. आणि कचरा कुजला की मातीत त्या किड्यांना खाणारे दुसरे बारके जीव वाढतात. "फक्त घाई करायची नाही," त्यांनी बजावलं. "कचरा जमिनीत घातल्यावर तीन आठवडे काही लावायचं नाही."

आता मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या उन्हाळ्याइतकी मी कधी दमले नाही आणि त्या उन्हाळ्याइतकी कधी भूकही लागली नाही. ह्यांनी कुरकुरत का होईना नांगर धरला. उलथलेली ढेकळं चैत्र-वैशाखाच्या उन्हात भाजत पडली. दुष्काळात उन्हाचं कुणी नाव काढत नव्हतं, पण आम्ही दोघी रोज सकाळी त्या ढेकळांकडे बघून समाधानानं मान हलवायचो. ऊन आमच्या बाजूनं काम करत होतं.

पाऊस नसला तरी लिंब फळले होते. पहाटे मी आणि अव्वा गावकुसाच्या झाडांखाली जायचो आणि वेचून पोती भरायचो. पण सगळ्यात अवघड होता तो पाला. दुष्काळात हिरवं पान टाकून देतो कोण? गाई-शेळ्यांच्याच तोंडी ते जात होतं. अव्वा म्हणाल्या, "बाजारात बगू."

उदगीरच्या भाजीबाजारात शेवंताबाई नावाची बाई झाडायची. उंच, काळीसावळी, खराट्याचा दांडा काखेत धरून बोलणारी. अव्वा तिथं कित्येक वर्षं टोपल्या घेऊन बसत होत्या, पण दोघींचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. शेवंताबाई झाडत आली की अव्वा लुगड्याचा काठ सावरून घ्यायच्या, एवढीच ओळख. त्या दिवशी अव्वांनी तिला हाक मारली आणि कचरा मागितला. बाईला आधी वाटलं, थट्टा चालली आहे.

"कामून पायजे?" तिनं विचारलं.

मी तिला गाठींची सगळी हकीकत सांगितली. ती खराटा टेकवून ऐकत राहिली. "चांगला पाला शेळीवाल्या बाया नेतात," ती म्हणाली. "काळा पडलेला, जनावर तोंड लावत न्हाई असला देईन. कोबीचा, मुळ्याचा पाला. तेलाच्या गिरणीतबी झाडायला जाते मी, तिथला पेंडीचा भुगा ठेवीन बाजूला."

पुढच्या बाजाराला आम्ही गेलो तर तिनं चार पोती भरून ठेवली होती. मी शेजारचा एक ढीग दाखवून म्हटलं, "बाई, हाही घेऊ का?"

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली. ढिगातून तिनं पालकाची एक जुडी काढून माझ्यापुढे धरली. जुडीच्या मुळांना बारीक-बारीक गाठी होत्या. "तुमी सांगितलं तवापासून बगायले मी. मुळासकट आलेलं काईच देणार न्हाई तुमाला. तुमच्या रानातनं गेलेली कीड परत तुमच्याच रानात यायची."

हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, आणि मला सुचलं नव्हतं. लातूरच्या त्या ओट्यावर जे शिकले त्याच्या बरोबरीनं मी ती पालकाची जुडी धरते.

पण एक गोष्ट मी तेव्हाही पाहत होते. शेवंताबाई पोतं उचलून आणायची, आमच्यापासून दोन हातांवर जमिनीवर ठेवायची आणि मागं सरायची. मग अव्वा ते उचलायच्या. कुणी कुणाला असं करायला सांगितलं नव्हतं. मी नवी सून होते; मलाही ते दिसलं आणि मीही गप्प राहिले.

गावात बोलणं सुरू झालंच. मास्तरची माय उदगीरचा उकिरडा घरी आणतेय, असं पारावर म्हणू लागले. ह्यांनाही ते लागलं. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "अव्वा, शाळेत पोरं हसायलीत."

"हसू दे," अव्वा म्हणाल्या. "तुझ्या पानातली चटणी कशाची हाय?"

चटणी मागल्या सालच्या वाळवलेल्या टोमॅटोची होती. ह्यांनी खाली मान घालून भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता त्यांनी खड्डा खोदायला घेतला. त्या खड्ड्यात आम्ही पाला, भुगा, कुटलेल्या लिंबोळ्या, शेणाचा थर असं घालत गेलो. ओलवायला पाणी कुठून आणणार? घरात तिघांच्या आंघोळीचं पाणी मोरीबाहेर एका रांजणात धरलं जाई आणि तेच खड्ड्यात जाई. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातून एक थेंब वाया गेला नसेल.

मग पाऊस आला. फार नाही, पण जमिनीत हात घातला तर ओल लागेल इतका. खड्डा उपसून आम्ही सगळं वाफ्यांत मिसळलं. दुसरीकडे रोपं तयार होती, रोज वीतभर वाढल्यासारखी वाटत होती. साहेबांनी तीन आठवडे सांगितले होते. आठव्या दिवशी आभाळ पुन्हा दाटून आलं आणि माझा धीर सुटला. मला वाटलं, हा पाऊस गेला तर परत येईल कशावरून? मागच्या वर्षीची ती करपलेली ज्वारी डोळ्यांपुढे होती. मी अव्वांच्या मागं लागले. "बघा तरी, खत कसं काळंभोर झालंय. आता थांबायचं कशाला?" त्या नको-नको म्हणत होत्या, पण त्या वर्षात त्यांनी माझं ऐकायची सवय लावून घेतली होती. आम्ही तिसरा हिस्सा वाफे लावून टाकले.

चौथ्या दिवशी त्या वाफ्यांतली रोपं बुडातून भाजल्यासारखी आडवी झाली. एकही राहिलं नाही.

मी बांधावर बसून रडले. मुळांच्या गाठी ओळखल्या म्हणून सगळं कळलं असं मला वाटू लागलं होतं, आणि जी एक गोष्ट पाळायची होती ती मी पाळली नव्हती. अव्वा वाफ्यात गेल्या, ओणव्या झाल्या आणि त्यांनी मनगटापर्यंत हात मातीत घातला. मग मला हाक मारून माझा हातही धरून तिथं खुपसला. माती गरम होती. बसलेल्या म्हशीच्या कुशीला हात लावावा तशी ऊबदार, जिवंत.

"इरली," अव्वा म्हणाल्या. "माती अजून जेवायली हाय. जेवताना उठवू नये कुणाला."

त्या दिवशी मला त्या शब्दाचा अर्थ कळला. ती बाई बेफिकीर नव्हती. जे गेलं त्याच्याशी भांडत बसण्यात तिचा वेळ जात नव्हता, इतकंच.

आम्ही थांबलो. रोज सकाळी एक हात मातीत. ऊब हळूहळू उतरत गेली, कुबट वास जाऊन ओल्या जंगलासारखा वास यायला लागला. पुरते तीन आठवडे झाल्यावर उरलेली रोपं विरळ-विरळ करून सगळ्या तुकड्यात लावली. गरीब दिसत होतं रान. श्रावण उलटला, भाद्रपदात झाडांनी अंग धरलं, आणि दुपारच्या उन्हात मी जेव्हा-जेव्हा जाऊन पाहिलं तेव्हा त्यांच्या माना वर होत्या. दुपारी बारा वाजता टोमॅटोचं झाड ताठ उभं असणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण मी ह्यांना शाळेच्या सुट्टीत ओढून आणून ती दाखवली होती.

दिवाळीच्या आधी माने साहेब आमच्या रानात आले. त्यांच्यासमोर आम्ही मधलंच एक झाड उपटलं. गाठी होत्या. पण थोड्या, विखुरलेल्या, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या तंतूंचा नवा झुबका फुटलेला. माझं तोंड उतरलं. साहेब म्हणाले, "वहिनी, ते पुरते जात नसतात. झाड त्यांना पुरून उरलं, बस झालं."

आयुष्यात नंतर बरंच काही आलं. बदल्या झाल्या, नांदेडला घर झालं, अव्वा गेल्या, ह्यांचं आजारपण निघालं आणि निभावलं. कित्येकदा ते वाक्य कामाला आलं. माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांतही गाठी निघतात. मी त्या पाहते आणि झाड फेकत नाही.

त्या हंगामाची शेवटची आठवण तोड्याच्या दिवसांतली आहे. फळ भरपूर नव्हतं, पण होतं ते लालबुंद, सालीला ताण आलेलं. एका बाजाराला अव्वांनी शेवंताबाईला म्हटलं, "उद्या रानात ये. तुझ्या हातानं तोडून ने."

ती एवढ्या लांब येईल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल. बांधाशी येऊन उभी राहिली आणि तिथंच राहिली, चपला हातात घेऊन.

"ये की आत," अव्वा म्हणाल्या.

"बरी हाय मी हितं. तुमी टाका पदरात."

"तुझ्या डोक्यावरनं आलेली माती हाय ही," अव्वा म्हणाल्या. "तिच्यात पाय टाकायला तुला कुणाला इचारायचं हाय?"

शेवंताबाई आत आली. आधी तिनं वाकून मूठभर माती घेतली, चुरली, नाकाशी नेली. मग झाडाझाडाशी थांबत, पान उचलून खाली बघत, सावकाश तोडत राहिली. ऊन तापलं. अव्वा विहिरीकडे गेल्या आणि पितळी तांब्या भरून घेऊन आल्या. पाहताच शेवंताबाईनं टोमॅटो खाली ठेवले आणि सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. अव्वांनी पाणी ओतलं नाही. त्यांनी तांब्या तिच्या ओंजळीत ठेवला.

ती तांब्याकडे बघत राहिली. मग अव्वांकडे. अव्वा पदरानं मान पुसत दुसरीकडेच, कांद्याच्या ओळीकडे बघत होत्या. शेवंताबाईनं तांब्या तोंडाला लावला, पोटभर पाणी प्याली आणि तळाशी उरलेलं पाणी वाकून जवळच्या झाडाच्या बुडाशी ओतलं.